घरमालकांचा आंबेमोहोर

भारताचा भूगोल जिभेने पाठ केलेला माणूस या पृथ्वीवर एकच असावा, आणि तो जांबे गावात माझा घरमालक आहे. नकाशा पुढे ठेवला तर दिल्ली कुठे नि मद्रास कुठे हे त्यांना दाखवता येणार नाही. पण आग्र्याला काय खातात, इंदूरला सकाळी काय खातात आणि बिहारात गोवऱ्यांवर काय भाजतात, हे ते पुराव्यानिशी सांगतील. स्वतः ते एका बाजूला पौडच्या तहसील कचेरीपलीकडे आणि दुसऱ्या बाजूला पुण्याच्या भुसार बाजारापलीकडे गेलेले नाहीत. जायची गरजच पडली नाही. हिंजवडीत कंपन्या आल्या, यांनी भाताची काही खाचरं विकून बारा खोल्यांची इमारत बांधली, आणि देश आपण होऊन त्यांच्याकडे भाड्याने राहायला आला.

मी खोली बघायला गेलो तेव्हा सगळी उत्तरं घोकून गेलो होतो. कंपनी कोणती, लग्न झालंय का, मित्र किती येतात. आप्पांनी (आम्ही सगळे त्यांना आप्पाच म्हणतो) यातलं काहीच विचारलं नाही. आधारकार्ड हातभर लांब धरलं, ‘सोलापूर’ एवढंच मोठ्याने वाचलं आणि म्हणाले, “तुमच्या गावचं खायचं काय?” मी शेंगाचटणी आणि कडक भाकरी सांगितली. ती भाकरी महिनाभर टिकते हे ऐकल्यावर ते उठून किल्ली घेऊनच आले. माझ्या आधीच्या एका इसमाने ‘आमच्याकडे सगळंच मिळतं, पिझ्झासुद्धा’ असं उत्तर दिलं होतं; त्याला खोली मिळाली नाही. “ज्याला आपल्या गावचं खानं सांगता येत न्हाई, त्यो उद्या नळ चालू ठिवून कामावर जाईल,” हे त्यांचं त्यावरचं मत. यातला संबंध मला आजवर लागलेला नाही, पण त्या इमारतीत नळ कधी चालू राहिला नाही हेही खरं.

खोल्यांना नंबर होते, ते फक्त वीजबिलापुरते. एरवी आप्पा अंगणातून हाक मारायचे ती खाण्याच्या नावाने. जिलेबीने मोटर बंद करावी, पेठ्याच्या दारात चपला फार झाल्या आहेत, चटणीचं कुरिअर आलंय. चटणी म्हणजे मी. पेठा हा आग्र्याचा मुलगा. पेठा कोहळ्याचा करतात हे कळलं तेव्हा आप्पा बराच वेळ हातातल्या तुकड्याकडे बघत राहिले. आपण जो कोहळा दृष्ट लागू नये म्हणून दाराला टांगतो, तो ही माणसं साखरेत घालून खातात, म्हणजे ही धीट असणार, असं त्यांनी ठरवलं आणि स्मशानाच्या अंगाची, कोणी घेत नव्हतं ती खोली त्याला देऊन टाकली. इंदूरवाल्याने त्यांना पोह्यांबरोबर जिलेबी खायला घातली, तेव्हा सकाळच्या पारी असला धेडगुजरी प्रकार केल्याबद्दल त्यांनी त्याला खूप बोलून घेतलं आणि पुढचे आठ दिवस रोज तेच खाल्लं.

या सगळ्याला एक नियम होता. कोणीही गावाला निघाला की आप्पा त्याला स्टीलचा डबा भरून आंबेमोहोर देत. शेवटी राहिलेल्या एका ओढ्याकाठच्या खाचरात ते तो अजून स्वतः लावत. तांदूळ आईसाठी, आणि डबा परत आणायचा. आता आपल्याकडे शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत हे कुणाला सांगावं लागत नाही. तेव्हा डबा गावच्या वस्तूने भरूनच यायचा. त्यांनी मागितलं कधीच नाही. फक्त तुमची रिक्षा थांबली की ते ओट्यावर बसलेले असत, इतकंच.

इथून पुढे सांगायला मला लाज वाटते, पण सांगतो. पहिल्या दिवाळीत माझ्याकडे दोन बॅगा होत्या, एसटीला तोबा गर्दी होती, आणि आमची माणसं भाकरीची. भात आमच्याकडे ताटाच्या कोपऱ्यात असतो. तीन किलो तांदूळ सोलापूरपर्यंत कोण वागवणार? वाकडला एक ऑफिसातला मित्र राहायचा, त्याच्याकडे डबा ओतला. येताना आईची चटणी घरीच विसरली. मग वाकडच्याच दुकानातून शेंगाचटणीची दोन पाकिटं घेतली, डब्यात रिकामी केली आणि ओट्यावर नेऊन दिली. आप्पांनी चिमूटभर जिभेवर ठेवली, डोळे मिटले आणि म्हणाले, “हितं आईचा हात कळतो.”

त्याच क्षणी खरं सांगायला हवं होतं. मी मान डोलावली. मग दरवेळी तेच करत गेलो, कारण एकदा केलेलं दुसऱ्यांदा सोपं जातं. आप्पांनी मात्र त्या पाकिटांवरून माझ्या आईचा अख्खा स्वभाव उभा केला. लसूण पुढे असतो, म्हणजे बाई सढळ हाताची. मीठ बेताचं, म्हणजे विचारी. एका वर्षी दुकानात नेहमीची चटणी नव्हती, मी दुसरी आणली. आप्पांचा चेहरा उतरला. तिखट जास्त पडलंय, आईच्या मनाला काहीतरी लागलंय, तू आधी फोन कर, असं म्हणून ते समोरच बसून राहिले. मी फोन केला. आई अवेळी आलेल्या फोनने घाबरली, मग खूश झाली, आणि अर्धा तास बोलली. त्या चटणीने मला एवढं एक सत्कृत्य करायला लावलं.

मग ते शेवटचं खाचर रस्त्यात गेलं. शेवटच्या पिकाचा तांदूळ आप्पांनी घरात ठेवला नाही. बाराही डबे भरले आणि शिमग्याच्या सुट्टीला जो जो निघाला त्याच्या हातात एकेक दिला. माझ्या हातात देताना म्हणाले, “माझं खाचर संपलं. पर भात सोलापुरात शिजला म्हनजी आपन तितं जाऊन आल्यावानी हाय. आईला सांग, ह्यो शेवटचा.”

मी त्या सुट्टीत सोलापूरला गेलो नाही. मित्रांनी मुळशी धरणाकाठी एक बंगला भाड्याने घेतला होता, मी डबा गाडीत टाकून तिकडे गेलो. दुसऱ्या दिवशी जेवणाची पंचाईत झाली तेव्हा कुणाला तरी डबा दिसला. त्या तांदळाचा शेजवान राइस झाला. वास आला होता का? आला असेल. आम्ही सॉसच्या तीन बाटल्या ओतल्या होत्या. येताना वाकडला थांबून मी पाकिटं घेतली. लाज मला तेव्हा वाटली नाही, ही खरी लाजेची गोष्ट.

गेल्या महिन्यात आई पहिल्यांदाच माझी खोली बघायला आली. आप्पांनी ओटा धुऊन घेतला, खुर्ची टाकली, मी ऑफिसला दांडी मारून दोघांच्या मध्ये उभा राहिलो. आईने येताना घरची चटणी आणली होती, स्वतः कुटलेली. मी अडवायच्या आत तिने ती आप्पांपुढे ठेवली. त्यांनी चिमूट घेतली, डोळे मिटले, आणि बराच वेळ उघडले नाहीत. मग अगदी अदबीने म्हणाले, “बरी हाय ताई. पर नेहमीची न्हाई ही. घाईत केली व्हय?”

आईने माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. ती चाळीस वर्षं तीच चटणी करते आहे.

“घाईच झाली खरी,” आई म्हणाली.

आप्पांना बरं वाटलं. ते खुर्चीत पुढे सरकले. इतका वेळ ते ज्याच्यासाठी थांबले होते ते आता विचारणार हे मला कळलं, आणि मला तिथून पळून जावंसं वाटलं.

“आन् ताई, भात कसा झाल्ता? शिमग्याला धाडला त्यो.”

“मऊसूत,” आई म्हणाली. “झाकण काढलं तर शेजारची बाई विचारत आली, आज काय केलंय म्हणून. तिला पण वाटीभर दिला.”

आप्पा नुसते मान हलवत राहिले. मग त्यांनी धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं आणि चहा सांगायला आत गेले. शेजारच्या बाईलासुद्धा वाटीभर मिळाला, हे त्यांनी नंतर अख्ख्या इमारतीला सांगितलं.

वर खोलीत आल्यावर आई आता मला सोलून काढणार म्हणून मी तयार होतो. मी खरं तर त्याचीच वाट बघत होतो. तिने पदराने वारा घेतला, खिडकीतून खाली नव्या रस्त्याची खडी पडली होती तिकडे बघितलं आणि साध्या आवाजात विचारलं, “कसा असायचा रे त्यांचा तांदूळ? वास येतो का खरंच?”

मी ‘येतो’ म्हणालो. ती ‘हं’ म्हणाली.

आंबेमोहोर दुकानात मिळतो. आई सोलापूरला परतल्यापासून दोनदा मी पाकीट हातात घेतलं आणि परत फळीवर ठेवलं. आईला तो आप्पांचा म्हणून सांगता येणार नाही, आणि नुसता दुकानातला तिला देऊन काय करू?