शेंदराखालची काठी

"हात लावू नगंस. लांबनं वाच. आवाज मोठा हाय की तुझा."

सरपंच हे हसत म्हणाले. सगळ्यांसमोर. मी नववीत होते.

कोल्हापूरहून गगनबावड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव. गावाच्या शिवेवर, डांबरी रस्त्याच्या कडेला, एक वीरगळ आहे. लढताना पडलेल्या माणसाचा कोरीव दगड. त्याच्या शेजारी नवा माहितीफलक बसवला होता. दुसऱ्या दिवशी अनावरण होतं, पंचायत समितीचे सभापती येणार होते. फलक मोठ्याने वाचून दाखवायचं काम शाळेच्या बाईंनी मला दिलं होतं. वक्तृत्वात बक्षीस आणणारी मुलगी मीच होते. त्याची तालीम चालली होती. वाचताना माझा हात दगडावर टेकला, एवढंच घडलं.

मी मागे सरकले. लांबून वाचलं. 'गावाचे रक्षण करताना धारातीर्थी पडलेले पाटील घराण्याचे मूळपुरुष.'

ते खोटं होतं.

तो दगड आमच्या वस्तीतल्या भिकनाकाचा. शीव राखणं हे महारांचं काम. लुटारू आले तेव्हा तो शिवेवर आडवा झाला आणि मेला. दगडावर त्याच्या हातात तलवार नाही, घुंगरकाठी आहे. ती काठी महाराचीच. लहानपणी आबांनी, माझ्या आजोबांनी, माझं बोट धरून तिच्यावरून फिरवलं होतं. एकेक घुंगरू हाताला लागलं होतं.

छप्पन्न साली वस्तीने धम्म घेतला. दगडाला तेल घालणं बंद झालं. भोवतीचं गवत काढणं चालू राहिलं. फलकाचं ठरलं तेव्हा पाटील घराण्यातल्याच सरपंचांनी आबांना बोलावून हकीकत विचारली. आबांनी आनंदाने सांगितली. थोड्याच दिवसांत दगडावर शेंदराचा जाड थर चढला. काठी बुजली.

तालमीच्या संध्याकाळी आबा सरपंचांच्या दारात गेले. मी सोबत होते.

"दगूड आमचा हाय, सरपंच. तुमास्नी मीच सांगितलंतं की."

"हुता तुमचा," सरपंच म्हणाले. "तुमी देव सोडलासा, शेंदूर सोडलासा. आता जो पूजंल त्येचा दगूड. का परत हिंदू हुतायसा? व्हा की. लगीच पुसतो नाव."

कट्ट्यावरची माणसं खो खो हसली. आबांना कुणी बसा म्हणालं नाही.

परतीच्या वाटेवर आबा एकदाच बोलले. "पूजा सोडली, बाळ. माणूस कवा सोडला?"

दुसऱ्या दिवशी मांडव, हार, कर्णा. कर्ण्याचा आवाज आमच्या वस्तीपर्यंत जात होता. मी वाचायला लागले. 'धारातीर्थी पडलेले'पर्यंत आले आणि थांबले. पुढचं फलकावरचं वाचलं नाही.

"हा आमचा भिकनाक महार. शेंदूर काढा, हातात घुंगरकाठी दिसेल."

सरपंचांनी माईक ओढला. "पोरगी घाबारली, सायेब," ते सभापतींना म्हणाले. सभापतींनी मान हलवली. टाळ्या झाल्या. फीत कापली गेली.

मी घाबरले नव्हते. हे इथे नोंदवते.

बाईंनी पुन्हा मला वाचायला उभं केलं नाही. आबांना त्या हंगामात कुणी ऊसतोडीला बोलावलं नाही. काही वर्षांनी आबा गेले. फलक उभा राहिला.

पुढे मी कोल्हापुरात एका दैनिकात लागले. दोन हजार साल उलटून गेल्यावर संपादकांनी रस्त्याकडेच्या ऐतिहासिक फलकांवर मालिका करायला सांगितली. मी शिवाजी पेठेतल्या तालमींपासून जोतिबाच्या पायऱ्यांपर्यंत फिरले. फलकांवर सरदार होते, दानशूर होते, घराणी होती. दगड वाहणारं कुणी नव्हतं.

शेवटी माझं गाव. रंगवलेला फलक जाऊन काळा ग्रॅनाइट आला होता. सोनेरी अक्षरं. ओळ तीच. सरपंचपदी आता जुन्या सरपंचांचा मुलगा होता.

"या मॅडम. गावची लेक तुमी. च्या घ्या. फलकावर हाय तेवढंच छापा, लय झ्याक लिवलंय."

"शेंदूर काढून फोटो घ्यायचा आहे."

"देव हाय त्यो. खरवडायचा व्हय?"

"देव नाही. माणूस आहे. आमचा."

त्याचं हसू गेलं. चहा आलाच नाही.

मी लेख लिहिला. पुरावा नाही, वाद नको, असं म्हणून संपादकांनी तो गाळला. मालिका त्याच्याविना संपली. वाचकांची पत्रं आली. चांगली होती.

पुरावा आहे. शेंदराखाली आहे. परवा मी पुन्हा तिथे गेले. लांबून वाचलं नाही. दगडावर हात ठेवला. थर आता बोटभर जाड आहे. काठी हाताला लागली नाही.

तो थर मी खरवडणार आहे. दिवसा, रस्ता वाहता असताना, गाव बघत असताना. मग फोटो काढेन. कुणी छापला नाही, तर तो हातात धरून त्याच ग्रॅनाइटसमोर उभी राहीन आणि भिकनाकाचं नाव मोठ्याने वाचेन. आवाज अजून मोठा आहे.