पिळायचं मशीन
ओल्या वाकळीचा वास आला की आधी माझे खांदे दुखतात. घट बसायच्या आधी आमच्याकडं दसरा काढतात, म्हणजे घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुऊन काढायचं, आणि त्यात भिजलेली वाकळ पिळणं हे जीव काढणारं काम. एकदा वैतागून मी तसं बोलले आणि ह्यांनी ते मनावर घेतलं. वारंगा फाट्यावरच्या भंगारातून कपडे धुवायचं जुनं मशीन आणलं. खाली पत्र्याची टाकी, वर पिळायला रबराचे दोन रूळ आणि फिरवायचा दांडा. पावसाळाभर ह्यांनी गंज घासला, उसाच्या रसाचे चरक दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीकडून रूळ नीट करून घेतले. पहिली वाकळ रुळांतून चपटी होऊन बाहेर आली तेव्हा मी हसलेच. पण ते गल्लीनंही पाहिलं. दुपारपर्यंत दारात वाकळींचा ढीग लागला. "वहिनी, आमच्या दोनच हायेत, तेवढ्या काढून द्या." हे दारात उभे राहून "आणा, आणा" म्हणत होते आणि दांडा मी फिरवत होते. संध्याकाळी ह्यांनी कौतुकानं विचारलं, "तकलीफ कमी झाली न्हवं?" त्यांच्या नखांत अजून गंज होता. "झाली की," मी म्हणाले. त्यानंतर दर दसऱ्याला तेच. परवा दारात आलेला भंगारवाला मशीनवर हात मारून म्हणाला, "चालू हाय का, मावशी? एका बाईला पाहिजेच हाय." हे आत जेवत होते. मी हळूच म्हणाले, "न्हाई बाबा, बंद हाय. तोडूनच टाक."