आंबलेला डबा

मामा गेल्याचा फोन गेवराईला आला, तेव्हा मी लोणच्याची बरणी उघडून वास घेत होते. ही खोड त्यांचीच. आमच्याकडे आले की कुठल्याही डब्याचं झाकण काढून आधी नाक लावायचे, मग खायचे. मी चिडायचे, ते हसायचे…

दत्तूमामा, माझ्या आईचे धाकटे भाऊ, उमापूरला सोसायटीच्या प्रचारगाडीवर सिनेमे दाखवायचे. पुढे गाडी मोडीत निघाली, पडदा उंदरांनी खाल्ला. पण रिळांचे डबे मामांनी बियाण्यांच्या गोदामातल्या लोखंडी कपाटात जपले. चेअरमन बदलत गेले आणि प्रत्येकाला ते कपाट भंगारात घालायचं होतं. मामा किल्ली करदोड्याला बांधून फिरत. दर रविवारी सगळे डबे उघडायचे, वारा द्यायचा, वास घ्यायचा. रीळ बिघडायला लागलं की आंबूस वास येतो आणि तो रोग शेजारच्या डब्यांनाही लागतो. कोरड्या हवेत मात्र रिळं टिकतात. दुष्काळात गाव आभाळाकडे डोळे लावून बसे आणि मामांची रिळं मजेत असत. याची त्यांना भारी लाज वाटे.

त्यातल्या एका रिळात जुन्या दुष्काळातलं खडीचं काम होतं. चेअरमनचं भाषण सोसायटीने हौसेने चित्रित करून घेतलेलं. मागे खडी फोडणाऱ्या बायका, त्यांत आमची आजी, मामांची आई. घरात तिचा एकही फोटो नाही.

एका वर्षी पाऊस चांगला झाला आणि नेमका तोच डबा आंबला. मामा तो पिशवीत घालून माझ्याकडे आले.

"ह्यो तुझ्याकडं ठिव. ह्याच्या संगतीनं बाकीचे बी जातील."

मी भडकले. "मामा, आजी हाय त्याच्यात! तिलाच का म्हून बाहेर काढता?"

"बाकीच्यात बी कुणाकुणाची माय हाय," ते म्हणाले.

फीत आक्रसली होती, यंत्रावर चालणार नव्हती. त्यांनी तिचं टोक खिडकीशी धरून दाखवलं. चिमुकली आजी, हातोडा उगारलेला. "झाकण घट्ट लावू नको, वास कोंडला की लवकर सडतं," एवढं बोलून चहा न घेताच निघाले. डोळे पुसत गेले ते, मी पाहिलं. तरी कितीतरी दिवस मी त्यांच्याशी धड बोलले नाही. त्याचं आता फार वाईट वाटतं.

बाकीचे डबे शाबूत आहेत. किल्ली माझ्याकडे आली आहे, रविवारी उमापूरला जाते. परत आले की घरचा डबा उघडते. वास वाढत चाललाय, चित्र पुसट होतंय… पण खिडकीशी धरलं की आजीचा हातोडा अजून वरच असतो. पाहून झालं की झाकण सैलच ठेवते.