तलावातलं मीठ गेलं कुठं

फौजेतून सुभेदार म्हणून बाहेर पडलो, पण संशय घ्यायची सवय घरी घेऊनच आलो. कोठार सांभाळणाऱ्याला ती लागते. इस्लामपूरजवळच्या एका निवासी शाळेनं मला पोहण्याच्या तलावाची देखभाल दिली, तेव्हा पहिल्याच दिवशी मी पंपाच्या खोलीचं कुलूप बदललं.

तलाव खाऱ्या पाण्याचा. समुद्रासारखा नाही, जिभेला जेमतेम कळेल इतकाच खारट. ते पाणी यंत्रातल्या पट्ट्यांवरून जाताना विजेमुळं त्यातल्या मिठाचं क्लोरीन होतं, आणि काम झालं की त्याचं पुन्हा मीठ होतं. त्यामुळं मीठ एकदा बरोबर घातलं की फार बघावं लागत नाही. बघायचं ते क्लोरीन. सकाळ-संध्याकाळ मी काचेच्या नळीत पाणी घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकायचो. गुलाबी रंग आला आणि आकडा एक ते तीनच्या मध्ये राहिला की माझं समाधान. कमी झालं तर पाणी हिरवं पडतं, पोरांचे कान ठणकतात. जास्त झालं तर डोळे चुरचुरतात.

उन्हाळ्याच्या तोंडाला नळीतला गुलाबी रंग फिका पडू लागला. यंत्रावर मीठ कमी असल्याचा लाल दिवा लागला. मी सांगलीहून पोती मागवली. दर सोमवारी पोरं यायच्या आधी दोन पोती तलावात ओतायचं काम शाळेच्या माळ्याकडं दिलं. साठी उलटलेला माणूस, सगळे त्यांना आबा म्हणायचे. मी आठला पोचायचो तेव्हा रिकामी पोती घडी घालून भिंतीला ठेवलेली असायची. आणि शनिवार उजाडला की पुन्हा लाल दिवा.

हे तीन आठवडे चाललं. पोरांच्या वर्गात दोघांचे कान दुखायला लागले, तसं माझं डोकं फिरलं. मी आबांना पंपाच्या खोलीत बोलावलं.

"मीठ उडून जात न्हाई, आबा," मी म्हणालो. "पाणी उडतं, मीठ तितंच ऱ्हातं."

आबांनी मान हलवली. मग म्हणाले, "आवं सुभेदार, तुमच्या तळ्याचं पाणी माज्या रानात उतारतंय. बांधाकडंला वल हाय, ऐन उन्हाळ्यात."

शाळेच्या कुंपणाखाली, उताराला, त्यांचा दहा गुंठे ऊस होता. मी त्यांना हाताला धरून तलावाच्या काठावर नेलं. पाणी निळ्या फरशीच्या रेघेला टेकलेलं होतं, बोटभरही खाली नव्हतं. गळत असतं तर पातळी उतरली नसती का, असं मी विचारलं. ते पुन्हा बांधाकडंच बोट दाखवत राहिले. पकडला गेलेला माणूस विषय बदलतो, हे मी कोठारावर पुष्कळ वेळा पाहिलं होतं.

आबांकडं दोन म्हशी होत्या, आणि म्हशीच्या पेंडीत मीठ घालतात हे आमच्याकडं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. दूध बघायचं निमित्त काढून मी त्यांच्या गोठ्यात गेलो. त्यांच्या बायकोनं चहा दिला, तो मी प्यायलो आणि पिता पिता गव्हाणीवर नजर फिरवली. कोपऱ्यात एका पत्र्याच्या डब्यात जाडं मीठ होतं. तेच, मी मनाशी म्हणालो. जाडं मीठ सगळीकडं सारखंच दिसतं, हे त्या वेळी सुचलं नाही, कारण मला ते सुचू द्यायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी मुख्याध्यापिका बाईंना सांगितलं. सुभेदाराचा शब्द, त्यांनी जास्त विचारलं नाही. सोमवारपासून येऊ नका, असा आबांना निरोप गेला. त्यांनी बागेच्या किल्ल्या माझ्या टेबलावर ठेवल्या आणि सायकल ढकलत निघून गेले.

त्या सोमवारी दोन्ही पोती मी स्वतः ओतली. मीठ विरघळेपर्यंत तळाला ब्रश मारला. शनिवारी लाल दिवा लागला. आता संशय घ्यायला दुसरं कुणी उरलं नव्हतं.

त्याच दुपारी आबा फाटकाशी आले. पहारेकरी आत सोडेना, म्हणून मी बाहेर गेलो. त्यांच्या तळहातावर मातीचं ढेकूळ होतं, वर पांढरी भुकटी फुटलेली.

"चाखून बगा," ते म्हणाले. "माज्या बापाचं नदीकडंचं रान असंच मीठ फुटून गेलं. आमी जिभंनं वळखतो."

मी ढेकूळ जिभेला लावलं. खारट लागलं, आणि मी तसाच पंपाच्या खोलीकडं वळलो.

वाळूचा फिल्टर उलट्या दिशेनं पाणी सोडून धुतला की घाण पाणी बाहेर नेणारा एक पाइप असतो. त्याचा व्हॉल्व्ह मी खोलून पाहिला. वायसरखाली वाळूचा एक खडा अडकला होता. पंप चालू असेपर्यंत त्या फटीतून खारं पाणी बाहेर जात होतं, आणि पातळी उतरली की विहिरीचं गोडं पाणी आपोआप आत यावं म्हणून मी हौसेनं बसवलेला बॉलकॉक तेवढंच पाणी भरून काढत होता. पाइपाचं तोंडही मीच बांधाकडं वळवलं होतं, शाळेच्या आवारात चिखल नको म्हणून.

वायसर बदललं, पुन्हा दोन पोती ओतली. आठवड्यात लाल दिवा विझला, नळीतला रंग चांगला गुलाबी झाला, आकडा दोनवर स्थिर राहिला. बाईंना मी सगळं खरं सांगितलं. आबांना बोलावून घ्यायला मीच गेलो. ते आले, किल्ल्या घेतल्या, गुलाबांना पाणी घातलं. मी माफी मागितली तेव्हा ते नुसते हं म्हणाले.

पुढं एकदा त्यांच्याबरोबर बांधावर गेलो. बांधाकडच्या चार सऱ्यांमधला ऊस पिवळा पडून गुडघ्याएवढाच राहिला होता. पावसाळ्यात हे धुऊन जाईल ना, असं मी विचारलं. त्यांनी हो म्हणावं, असं मला फार वाटत होतं.

आबा खाली वाकले, पांढरी माती बोटानं उकरली आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "तुमीच सांगितलं न्हवं का सुभेदार, मीठ उडून जात न्हाई."