एक व्हॉल्व्ह, दोन शेजारी

फॅक्टरीत मशीन पुसायला माणूस असतो, किस्से झाडायला कुणी नसतो. म्हणून ते साचत जातात. वाळूजला टेस्टिंग विभागात मी बावीस वर्षं काढली, पण निम्मे किस्से एकाच ऑर्डरचे!

एका देशात गॅस निघतो, शेजारच्या देशाला तो हवा असतो. सरहद्दीवरचं मीटर आणि व्हॉल्व्ह आमचं. देशांची नावं सांगत नाही, अजून ऑर्डरी येतात! टेस्ट बघून दोन्हीकडच्या इंजिनिअरनी सही करायची होती. गॅसवाल्यांचे युसूफसाहेब, घेणाऱ्यांचे रुस्तमसाहेब. दोघंही भारतात शिकलेले, हिंदी यायची. सही झाली नाही तर युसूफसाहेबांच्या गॅसच्या विहिरी आणखी एक हिवाळा बंद राहणार होत्या. मला त्यांची फार कीव यायची.

*

प्रेशर मोजायला दोघांनी आपापला गेज आणला. तिसरा आमचा. तिन्हींवर आकडा अगदी सारखा! आम्ही खूश. रुस्तमसाहेबांच्या कपाळाला आठ्या.

"सारखा? कसा काय?"

टेस्ट पुन्हा घेतली.

*

आमचे फोरमन जाधवमामा देवगाव रंगारीचे, राहायला बजाजनगरात. त्यांनी युसूफसाहेबांना सरळ विचारलं, "साहेब, माल तुमचा. मग इतकी मिनतवारी कायको? दुसरे को बेचो."

"पाइप एकाच दारापर्यंत जातो, जाधव. उचलून दुसरीकडे नेता येत नाही."

मामा माझ्याकडे वळले. "व्हय की! म्हंजी ही सोयरीक हाय. निभवावीच लागती."

*

एका दुपारी पाहुण्यांसाठी नान-खलिया मागवला, आमच्याकडचं झणझणीत मटण. रुस्तमसाहेब तिखटानं लाल झाले. युसूफसाहेबांनी आपली दह्याची वाटी त्यांच्यापुढं सरकवली.

"हे करारात आहे?" रुस्तमसाहेबांनी विचारलं. दही मात्र संपवलं.

*

शेवटच्या दिवशी गाडी अडली ती व्हॉल्व्हची चावी कुणाकडे, यावर.

"ऐन थंडीत यांनी बंद केला तर?" रुस्तमसाहेब म्हणाले.

"तुम्ही गॅस घेतला नाही तर माझ्याच विहिरी बंद पडतील. मी कशाला बंद करू?" युसूफसाहेबांचा आवाज चढला.

कुणीच ऐकेना. तेव्हा जाधवमामा मध्ये पडले. त्यांची आणि चुलतभावाची विहीर सामाईक. मोटरीच्या डब्याला दोन कुलपं, एकेकाची एकेक चावी. मामांची चावी त्यांचं शेत वाट्यानं कसणाऱ्या बटईदाराकडे. "दोन्ही कुलपं निघाल्याबिगर मोटर चालू होत नाय की बंद होत नाय. दहा साल से हमारी बातचीत बंद, पर पानी एक दिन नहीं चुका!"

"दाखवा," रुस्तमसाहेब म्हणाले.

मामांचा चेहरा पडला. दाखवायचं म्हणजे चुलतभावालाच फोन! नंबर बायकोकडून घ्यावा लागला. व्हिडिओ कॉल लागला. भाऊ मोसंबीच्या बागेत उभा होता. मामांनी ख्यालीखुशाली विचारलीच नाही.

"डबा दाखव जरा," मामा म्हणाले. "दोन कुलपाचा. साहेब लोकं बघायलेत."

"दोन कुठं? तुझं कवाच गंजून तुटलं. बटईदार काय बोलला नाय व्हय? माझंच एक हाय आता."

"मग माझ्या पाळीला?"

"मीच येऊन लावून देतो की मोटर."

रुस्तमसाहेबांनी अर्थ विचारला. मी हिंदीत सांगितला, शब्दाला शब्द.

त्यांनी माझ्या खिशातलं पेन काढून घेतलं आणि सहीचा कागद पुढं ओढला.