दोनदा ओवाळलेला भाकरतुकडा

मी अंबरनाथ एमआयडीसीत क्वालिटी कंट्रोलला आहे. मोजता येत नाही ते पास करायचं नाही, ही सवय अंगात मुरलेली. या सदरातले गूढ अनुभव आजवर चहासोबत हसत हसत वाचले... त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय.

बदलापूर गावात आई आणि मी, दोघंच राहतो. आई अंगणात पडली आणि उल्हासनगरला, कॅम्प चारमधल्या एका हॉस्पिटलात तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. ते छान झालं. पण डॉक्टर म्हणाले, "उठवायला-बसवायला, बेडपॅन द्यायला घरी कोणी बाईमाणूस आहे का? नसेल तर सोडणार नाही. पाठीला जखमा झाल्या की परत इथेच आणाल."

मी करतो म्हटलं, तर आईने तोंड फिरवलं. "मुलाकडून नको रे ते."

मग बाई शोधणं सुरू झालं. घरी नर्स पाठवणाऱ्या ब्युरोवाल्या मॅडम फोनवर गोड बोलायच्या, बाई ठरायची, आणि पत्ता ऐकला की — "गावात? स्टेशनपासून एवढं आत? नको दादा." शेजारच्या सुमनकाकूंनाही विचारलं, पण त्यांची भातकापणी चालू होती. डिस्चार्ज उद्यावरून परवावर जात राहिला. आई रोज विचारायची, "आज नेतोस ना?" मी चिडायचो, मग उगाच पॅसेजमध्ये येरझाऱ्या घालायचो. तिचं जेवण तुटलं होतं. ही इथेच संपणार, घर काही बघत नाही, अशी धास्ती मी घेतली होती.

एका दुपारी कंपनीत सुमनकाकूंचा फोन आला. आमची किल्ली त्यांच्याकडे असते, तुळशीला पाणी घालायला.

"आईला आनलंस, सांगायचं तरी."

"कुठे आणलं? ती हॉस्पिटलात आहे."

"मस्करी नको करू. दारात उभी व्हती, एकटीच. भाकरतुकडा ओवाळला, पायावर पानी घातलं, डोल्यांना लावलं. कुलूप काढलं, तर आत जाऊन पलंगावर पडली. मी चाय करून आनते तर पलंग मोकळा. अशा पायानं गेली कुठं?"

मी बाईक काढली. काकूंचं वय झालंय, ऊन लागलं असेल, असं रस्ताभर स्वतःला समजावत होतो. वॉर्डात सिस्टर वैतागलेल्या. "बघा ना दादा, पाय ओले, चादर ओली. पाणी कुठून आलं विचारलं तर बोलतच नाहीत." आईचे पाय घोट्यापर्यंत ओले होते. पापण्यासुद्धा. टेबलावरची बाटली तर बंद होती.

आणि त्या दिवशी आईने "नेतोस ना" विचारलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. त्याने मी जास्त घाबरलो.

काकूंना सगळं सांगितलं. त्यांनी हातातला विळा खाली ठेवला. मग म्हणाल्या, "बाई शोधू नको आता. कापनी सून बघेल. ती तसल्या पायानं हितवर आली, मना चार पावलं चालवत नाय का?"

काकू हॉस्पिटलात येऊन सगळं शिकून गेल्या, तेव्हा डॉक्टरांनी डिस्चार्जवर सही केली. आईला घराच्या दाराशी अँब्युलन्समधून स्ट्रेचरवर उतरवलं, तर काकू भाकरीचा तुकडा आणि तांब्या घेऊन उभ्या. त्या दुपारबद्दल आईला आम्ही दोघांनीही अवाक्षर सांगितलं नव्हतं.

आई म्हणाली, "अगं सुमन, परत कशाला? झालं ना त्या दिवशी."

काकूंना भास झाला म्हणावं, तर चादर कशाने भिजली? कोणी पाणी सांडलं म्हणावं, तर आईला ओवाळल्याचं कसं कळलं? हे पासही करता येत नाही आणि रिजेक्टही... त्यामुळे अजून झोपताना डोक्यात घोळत राहतं.

आईला एकदाच विचारलं. ती काकूंकडून वेणी घालून घेत होती. म्हणाली, "पाणी फार गार होतं रे."

काकूंचा हात थांबला. "माठातलं व्हतं," त्या म्हणाल्या.