बिरप्पा म्हणेल तेव्हाच रेडी

आमच्या नाटक कंपनीत बिरप्पा दोर ओढायचा. होटगीकडचा धनगर. खेळाआधी सगळा दोर तळव्यातून हातभर हातभर सरकवत तपासायचा, मग त्या दोराला टांगलेल्या फळीवर स्वतः उभा राहून बघायचा. त्याच फळीवरून मी देवीच्या वेषात आभाळातून उतरायचो, आणि मिलचे कामगार टाळ्यांनी तंबू डोक्यावर घ्यायचे. अहाहा! सोलापूरचा प्रेक्षक तो!

मालक शिवलिंगप्पांना इंग्रजीचा भारी शौक. दोरवाल्यानं 'रेडी' म्हटल्याशिवाय तिसरी घंटा द्यायची नाही, हा नियम त्यांचाच. मग काय, चूल पेटायच्या आत आचारी म्हणे, भात रेडी! बिरप्पा मात्र सगळं खरंच तयार असलं तरच तो शब्द उच्चारायचा.

एकोणीसशे एकोणतीस साल. रविवारी दुपारी मिलचे गोरे साहेब पहिल्या रांगेत येऊन बसले. दोन घंटा झाल्या. बिरप्पा गप्प.

"म्हण की रेडी!" मालक खेकसले.

"न्हाय रेडी. दोराचा एक पेड तुटलाय. अर्धा तास द्या, जोडतो."

"मेंढरं हाकणारा तू, मला इंग्रजी शिकवतोस? साहेब ताटकळलाय तिकडं! म्हण, नाहीतर चालता हो."

"तुमीच म्हना की. इंग्रजी तुमची हाय. मानूस मातुर माझ्या दोरावर लोंबनार."

मालकांनी त्याच्या थोबाडीत ठेवून दिली, स्वतःच "रेडी!" म्हणून ओरडले आणि मला वर जायची खूण केली. मालकांना आम्ही सगळेच भ्यायचो. मी मुकाट शिडीला हात घातला, दोन पायऱ्या चढलोही.

बिरप्पानं कमरेची सुरी काढून दोर कापला. फळी धाडकन खाली आपटली.

"आता म्हना, किती बी येळा."

देवी विंगेतून चालत आली. शिट्ट्या पडल्या, साहेब खो खो हसले. खेळ संपताच मालकांनी बिरप्पाला हाकललं. चाळीस माणसांच्या कंपनीत एकाच्याही तोंडून शब्द फुटला नाही. माझ्याही नाही.

तोंडावरचा रंग न पुसताच मी त्याला तंबूमागं गाठलं. "बिरप्पा, माझ्यापायी तुझं काम गेलं रे."

तो बाजूला थुंकला.

"पेड तुटलाय म्हनून सांगितलं, ते ऐकलं हुतं न्हवं?"

"ऐकलं होतं."

"तरीबी चढलासा."

एवढं बोलून तो होटगीच्या वाटेला लागला.